भाषणातली बहीण

प्यो पिल-नामच्या बापाने मुलीच्या नावातच आपलं म्हणणं मांडून ठेवलं होतं. पिल-नाम म्हणजे ‘मुलगा हवाच’. पोर झाली असं कळल्यावर तो दारातूनच मागे फिरला, आणि नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा नावाच्या जागी त्याने सरळ मागणीच सांगून टाकली. ती मागणी यथावकाश पुरी झाली. दो-ग्यू जन्मला. मुलगा झाल्याची खूण म्हणून दारावर लाल मिरच्या खोचलेली दोरी चढली आणि तांदळाच्या दारूची मडकी गावात फिरली. त्या दिवसापासून पिल-नामच्या पाठीवर भाऊ बांधलेला असायचा. तशीच ती धुणं धुवायची, तशीच पाढे म्हणायची.

शाळेत ती पहिली यायची. दुसरी कधी आलीच नाही. सहावी संपली तेव्हा मास्तर डोंगर चढून घरी आले आणि म्हणाले, “हिला पुढं शिकवा, प्योसाहेब. असं डोकं मी फार कमी बघितलंय.”

बापाने मास्तरांना दारू ओतली आणि म्हणाला, “डोकं धाकट्याकडं पण आहे. घरात एकच दिवा लावता येतो, मास्तर.”

मास्तर दारू पिऊन निघून गेले. थोडी वर्षं तिने शेतात काढली आणि मग तिला बुसानला, रबरी बुटांच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. ज्या दिवशी बस आली त्या दिवशी पिल-नामने दाराचा खांब दोन्ही हातांनी धरला. ती ओरडत होती, लाथा झाडत होती. आईने तिची बोटं एकेक करून सोडवली. आईसुद्धा रडत होती, पण बोटं सोडवायची थांबत नव्हती. दो-ग्यू अंगणात उभा राहून हे बघत होता. सगळं कळण्याइतका मोठा होता तो तेव्हा.

कारखान्यात पिल-नाम बुटांच्या तळव्यांना गोंद लावायची. त्या गोंदाचा वास डोक्यात चढायचा, डोळे चुरचुरायचे आणि जेवण तोंडाजवळ नेलं की ओकारी यायची. खिडक्या बंद ठेवायचे, कारण बाहेरच्या धुळीने माल खराब होतो म्हणे. पगार घरी जायचा आणि घरून पुढे सोलला, दो-ग्यूच्या शिक्षणाला. तो देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला लागला होता. गावाच्या वेशीवर त्याच्या नावाचा कापडी फलक लागला होता.

तिच्या शेजारच्या टेबलावर माल-न्यन नावाची पोरगी होती. बोलायला फटकळ आणि हसायला लागली की थांबायची नाही. तिच्याच टेबलाजवळ एक दिवस एक मुलगी गोंदाच्या डब्यावर कोसळली आणि परत कामावर आली नाही. पोरी बिथरल्या. त्यांनी फार मोठं काही मागितलं नव्हतं. खिडक्या उघडा, लघवीला जाऊ द्या, रविवार द्या. मालकाने दारं लावून घेतली. पोरी जेवणघरात बसून राहिल्या. मग भाड्याचे गुंड आत शिरले, त्यांच्यामागून पोलीस आले, आणि पिल-नामला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं.

चौकीत तिला सोडवायला दो-ग्यू आला. सोलहून, विद्यापीठाचा बिल्ला छातीवर लावून. जिन्यावर आपटून तिचा ओठ फाटला होता आणि एक डोळा उघडत नव्हता. दुसऱ्या डोळ्याने तिने बघितलं की भाऊ टेबलासमोर कमरेतून वाकलाय.

“साहेब, माझी बहीण अडाणी आहे,” तो म्हणाला. “तिला काही कळत नाही. कुणाच्या तरी नादी लागली. एवढ्या वेळी सोडा.”

साहेबांनी सोडलं. दोघं बाहेर आली. “नूना, माझी शिष्यवृत्ती जाईल गं,” एवढंच तो परत परत म्हणत होता. नूना म्हणजे थोरली बहीण. पोरगं घाबरलंय, असं म्हणून तिने ‘अडाणी’ हा शब्द गिळून टाकला. फाटक्या ओठाने त्यालाच धीर देत ती स्टेशनपर्यंत गेली.

त्यानंतर तिचं नाव सगळ्या कारखान्यांच्या फाटकांवर आधीच पोचलेलं असायचं. कुणी कामावर घेईना. शेवटी डुकराच्या हाडांचा रस्साभात विकणाऱ्या एका दुकानात ती भांडी घासायला लागली. त्या दुकानाच्या आचाऱ्याशी तिचं लग्न झालं, पुढे दुकान त्यांचं झालं, आणि नवरा गेल्यावर तिचं एकटीचं. बाजारातली सगळी माणसं तिला ‘मावशी’ म्हणायची. पहाटे हाडं उकळायला टाकायची, दुपारी पातीचा कांदा चिरायचा, गिऱ्हाइकाने भात वाढवून मागितला की ओरडत ओरडत वाढवून द्यायचा. आयुष्य तसं बरं चाललं होतं.

दो-ग्यूचं तर फारच बरं. अमेरिकेत जाऊन त्याने डॉक्टरेट मिळवली आणि बुसानच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतला. शिकवायचा मात्र छान, हे खोटं म्हणता येणार नाही. विद्यार्थ्यांना घेऊन दुकानात यायचा, सोजू दारूच्या बाटल्या उघडायचा आणि टेबलावरच्या खारवलेल्या कोळंबीच्या वाट्या सरकवून आयात-निर्यात समजावून सांगायचा. पोरं पोट धरून हसायची. पिल-नामला अभिमान वाटायचा. ती हळूच प्रत्येक वाडग्यात मांस जास्त घालायची.

मग देशावर ते मोठं आर्थिक संकट आलं. बँका कोसळल्या, कारखाने बंद पडले, माणसं रोज कोट घालून घराबाहेर पडायची आणि बागेत जाऊन बसायची, बायकोला नोकरी गेल्याचं कळू नये म्हणून. टीव्हीवर समजावून सांगणारा कुणीतरी हवा होता. प्यो प्राध्यापक सापडले. दिसायला रुबाबदार, आवाज भारदस्त, आणि बोलणं बाजारातल्या बाईलाही कळेल असं. “दुःख वाटून घेऊ या,” हे त्यांचं वाक्य घराघरात गेलं. लोक देशासाठी सोनं द्यायला रांगा लावत होते. पिल-नामने भावाचं भाषण ऐकून लग्नाची अंगठी काढून दिली. पुढे तोच भाऊ कंपन्यांच्या सल्लागार मंडळांवर गेला आणि कुठली माणसं काढायची, कायमच्या नोकऱ्यांऐवजी कंत्राटी कशा करायच्या, याचे अहवाल लिहायला लागला. दुःखाची वाटणी झाली ती अशी. पण तेव्हा पिल-नामला एवढं कुठे कळत होतं? तिला कळत होतं ते इतकंच की भाऊ दमलेला दिसतो.

मग एका पक्षाने त्याला संसदेच्या निवडणुकीचं तिकीट दिलं, ते बुसानमधलंच. पहिल्याच प्रचारसभेत, गाण्यांचा आणि एकसारख्या रंगाच्या जाकिटांचा गोंधळ चालू असताना, त्याने माइक हातात घेतला आणि आवाज उतरवला.

“माझी थोरली बहीण,” तो म्हणाला, “मला शिकता यावं म्हणून हसत हसत बसमध्ये चढली. खिडकीतून मला हात हलवत होती. ती हसली म्हणून मी आज इथे उभा आहे.”

बाया डोळे पुसायला लागल्या. पिल-नाम गर्दीतच उभी होती. हसत हसत? तिने आजूबाजूला बघितलं. लोक तिच्याकडेच कौतुकाने बघत होते. जाऊ दे, निवडणूक आहे, असं ती मनाशी म्हणाली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

तो निवडून आला. पुढच्या निवडणुकीतही आला. दर वेळी भाषणातली बहीण जास्त हसायला लागली होती. एका मुलाखतीत तर ती बसमध्ये गाणं म्हणत होती.

पिल-नामच्या दुकानाजवळच्या शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या बायका होत्या. काम उरकलं की दुपारी तिच्याकडे यायच्या. त्यांच्यात जंग-इम नावाची पन्नाशीतली बाई होती. वर्षानुवर्षं ती मोठ्या कढईत तळण काढत होती. जिथे ती तळायची तिथे धूर ओढून घेणारं यंत्र नावाला होतं. तिला खोकला लागला आणि तो जाईना. तपासलं तर फुप्फुसात डाग निघाला, कर्करोगाचा. मग दुसऱ्या शाळेतल्या एकीलाही निघाला, तिसऱ्या शाळेतल्या आणखी एकीला. बायकांनी काम बंद केलं. यंत्रं बसवा, माणसं वाढवा, आजारी पडलेल्यांचं औषधपाणी करा. वर्तमानपत्रांनी लगेच लेकरांच्या उपाशी पोटांचे फोटो छापले.

त्या दिवशी जंग-इम आणि तिच्या सोबतिणी दुकानात जेवत होत्या. भिंतीवरच्या टीव्हीत संसदेच्या कामगार समितीची बैठक चालू होती आणि प्यो साहेब बोलत होते. पिल-नामने आवाज वाढवला. तिला वाटलं, आता माझा भाऊ या बायांची बाजू घेईल.

“मला सगळ्यांबद्दल आदर आहे,” दो-ग्यू पडद्यावर म्हणाला. “पण मी माझ्या बहिणीकडे बघतो. तिने गोंदाच्या धुरात तारुण्य काढलं. एकदाही तक्रार केली नाही, कधी संपात गेली नाही. त्या पिढीने सोसलं म्हणून हा देश उभा राहिला. आज आपण सोसणं विसरलो आहोत, असं मला नम्रपणे वाटतं.”

 बायांनी माना वाडग्यात घातल्या. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, आणि पिल-नामला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. जंग-इमने खोकला दाबायचा प्रयत्न केला आणि तो दाबला गेला नाही.

पिल-नामने आत जाऊन फोन लावला. पहिल्यांदा सचिवाने उचलला. दुसऱ्यांदाही सचिवानेच. बऱ्याच प्रयत्नांनंतर भाऊ सापडला.

“कधी संपात गेली नाही म्हणालास?”

“नूना, मी बैठकीत आहे.”

“चौकीत मला न्यायला कोण आलं होतं? तुझा बाप?”

“तो आपला दोघांचा बाप होता,” तो हसून म्हणाला. मग आवाज मऊ केला. “हे बघ, हे राजकारण आहे. तिथं खरीखुरी तू नसतेस गं. ते एक उदाहरण असतं.”

“माझा ओठ फाटला होता तो उदाहरणाचा फाटला होता का रे?”

“तुला नाही कळायचं ते,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तुला नाही कळायचं. पिल-नाम फोन हातात धरून उभी राहिली. एवढी वर्षं जे आत दाबून ठेवलं होतं ते आता उकळत्या हाडांच्या पातेल्यासारखं झाकण उडवून वर येत होतं. बापाचा राग आला, आईच्या बोटांचा राग आला, दारू पिऊन निघून गेलेल्या मास्तरांचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो सभेत वाकून नमस्कार करणाऱ्या बाईचा. त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली तिला.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा सचिव दुकानात आला. हातात पक्षाच्या रंगाचं जाकीट. “मावशी, बाजाराच्या चौकात साहेबांची मोठी सभा आहे. या वेळी लढत घासून आहे. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहिलात तरी पुरे.”

“येते की,” पिल-नाम म्हणाली. “जाकीट जरा मोठं आहे का बघ.”

सभेच्या दिवशी चौक भरला होता. गाडीच्या छतावरून गाणी वाजत होती, पांढरे हातमोजे घातलेल्या पोरी नाचत होत्या. दो-ग्यूने बहिणीला हात देऊन व्यासपीठावर घेतलं, तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तीच कथा सांगितली. बस, खिडकी, हसू. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, “नूना, दोन शब्द बोल.” त्याला वाटलं, ती लाजून मान हलवेल.

पिल-नामने माइक घेतला.

“मी हसत नव्हते,” ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली माणसं हसली. त्यांना वाटलं म्हातारी विनोद करतेय.

“हसताय काय? मी दाराच्या खांबाला धरून बोंबलत होते. हा तिथंच उभा होता. मला शाळा हवी होती. मी याच्यापेक्षा हुशार होते! आणि मी सोसलं नाही. नीट ऐका. आम्ही संप केला होता. गोंदाने पोरी मरत होत्या म्हणून केला. मला केसांना धरून ओढत नेलं, आणि या माणसाने चौकीत माझी ओळख अडाणी म्हणून करून दिली. त्याला तेव्हा माहीत होतं, आताही माहीत आहे. शाळेत जेवण रांधणाऱ्या बायांना हा माझं नाव सांगून गप्प बसवतो. माझं! बायांनो, गप्प बसू नका. मी नव्हते बसले.”

कुणीतरी माइक बंद केला. पण रोज बाजाराच्या गलक्यात ओरडून ऑर्डर घेणाऱ्या बाईला माइक कशाला लागतो? “बंद करा, करा बंद!” ती ओरडली. “तेव्हाही दारं बंदच केली होती!”

दो-ग्यू चेहऱ्यावरचं हसू न सोडता तिचा कोपर दाबत होता. “बहीण भावुक झाली आहे,” तो लोकांना म्हणाला. तिने कोपर हिसडून सोडवला, जाकीट काढून त्याच्या पायांशी टाकलं आणि पायऱ्या उतरून चालू लागली. गर्दीने तिला वाट दिली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्या दिल्या. सुक्या मासळीचा एक दुकानदार म्हणाला, “सख्ख्या भावाचं घर जाळलंस, म्हातारे.” ती थांबली आणि म्हणाली, “घर कुठलं? मी त्यात राहिले होते का कधी?”

दुसऱ्या दिवशी भावाच्या कार्यालयातून निवेदन निघालं. आदरणीय भगिनींचं वय झालं आहे, गेले काही दिवस त्यांच्या स्मरणशक्तीवर परिणाम झाला आहे, कुटुंब त्यांची काळजी घेत आहे, विरोधकांनी एका आजारी वृद्धेचा गैरफायदा घेतला हे दुर्दैवी आहे.

जंग-इमने तिला ते वाचून दाखवायला सुरुवात केली. पिल-नामने फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वतः शेवटपर्यंत वाचलं. मग ती म्हणाली, “तेव्हा अडाणी, आता वेडी. कुणाच्या तरी नादी लागली, हे मात्र दोन्ही वेळा तेच!”

तिने कधी नव्हे ते भर दुपारी दुकानाची फळी लावली आणि माल-न्यनला फोन लावला. माल-न्यन आता गुडघ्यांनी अधू झाली होती, पण तोंड तेवढंच फटकळ होतं. “वेडी म्हणाला? तुला? थांब, बाकीच्या वेड्यांना घेऊन येते.” त्या जेवणघरात बसलेल्या पोरींपैकी ज्या जिवंत होत्या आणि ज्यांना चालता येत होतं त्या सगळ्या आल्या. कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या गाडीतून. दुकानात बसून त्यांनी पत्रकारांना सगळं सांगितलं. कुठल्या जिन्यावरून कुणाला ओढलं, कुणाचा दात पडला, चौकीत कोण काय म्हणालं. एकमेकींची वाक्यं तोडत, भांडत, दुरुस्त करत त्या बोलत होत्या. माल-न्यन मध्येच कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली, “प्यो साहेब, तुमच्या भाषणात मी गात नाही वाटतं? माझा आवाज चांगला होता हो!”

दो-ग्यू पडला. फार थोड्या मतांनी पडला, आणि पेपरवाल्यांनी त्याचं खापर एका रस्साभातवालीच्या डोक्यावर फोडलं. नातेवाइकांचे फोन आले. चुलतभावाने बजावलं की बापाच्या श्राद्धाला येऊ नकोस. “येत नाहीच,” ती म्हणाली. “आणि ताटंही तुमच्याच बायका मांडतील. आयुष्यभर ज्याने मला पान वाढलं नाही त्याला मी वाढत बसणार नाही.”

उन्हाळ्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, दो-ग्यू दुकानात आला. एकटाच. तो वाळला होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. पिल-नामने काही न बोलता त्याच्यासमोर वाडगा ठेवला, कारण समोर बसलेल्या माणसाला उपाशी ठेवायची तिला सवय नव्हती. त्याने दोन घास खाल्ले.

“समाधान झालं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मी तुझ्याबद्दल वाईट कधीच बोललो नाही, नूना. लोकांसमोर तुला देवी केलं.”

“मला देवी व्हायचं नव्हतं रे. एकदा, नुसतं एकदा म्हणायचं होतंस, की तिला जायचं नव्हतं.”

तो वाडग्यात बघत राहिला. पिल-नाम थांबली. खरंच थांबली. हातातलं फडकं खाली ठेवून. हा आत्ता म्हणाला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

“जायचं नव्हतं हे मान्य,” शेवटी तो म्हणाला, “पण तू गेली नसतीस तर देशाला काय मिळालं असतं, हाही विचार कर. मी सरकारच्या धोरण मंडळावर जातोय. अध्यक्ष म्हणून. पुढच्या आठवड्यात नाव जाहीर होईल. तेव्हा आता तू जरा...”

“ऊठ,” पिल-नाम म्हणाली.

“काय?”

“ऊठ म्हणते ना! हाडं उकळायला मला पहाटे उठावं लागतं, तुझ्यासाठी नाही उठत मी. ऊठ!”

तो उठला, कोट सावरला आणि बाहेर पडला. पिल-नामने मिठाच्या बरणीत हात घातला आणि उंबऱ्यावरून त्याच्या पाठीवर मूठभर जाडं मीठ भिरकावलं, जसं अशुभ पाहुणा गेल्यावर टाकतात तसं. मग आणखी एक मूठ. काही खडे त्याच्या कॉलरमध्ये अडकले, काही समोरच्या मासळीवाल्याच्या टोपल्यांवर पडले. सभेच्या दिवशी तिला बोललेला तो मासळीवाला आता निमूट टोपल्या झटकायला लागला.

दो-ग्यू अध्यक्ष झाला. पडलेल्या माणसांसाठी तिकडे खुर्च्या नेहमीच राखून ठेवलेल्या असतात. काही शाळांत धुराची यंत्रं बसली. जंग-इमच्या शाळेत बसली नाहीत, आणि तिची शस्त्रक्रिया झाल्यावर तिच्या जागी दुसरी बाई तळणाच्या कढईसमोर उभी राहिली. बायकांनी पुन्हा काम बंद करायचं ठरवलं. मोर्चा शिक्षण कार्यालयावर जाणार होता. त्या दिवशी पिल-नामने दुकान बंद ठेवलं, मोर्चातल्या बायांसाठी रस्साभाताचं सगळ्यात मोठं पातेलं हातगाडीवर चढवलं, आणि रस्त्याच्या चढावर गाडी ढकलताना ती शिव्या देत होती. सरकारला, भावाला, चाकांना, आणि मदतीला आलेल्या माल-न्यनच्या गुडघ्यांनाही.